दोऱ्याचं टोक: मायटोकॉन्ड्रियात प्रथिनं कशी ओवली जातात

सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या अन्न आणि औषध प्रशासनाने इलामिप्रेटाइड या इंजेक्शनला बार्थ सिंड्रोमवरचं औषध म्हणून सशर्त मान्यता दिली. त्याच वर्षी मे महिन्यात याच खात्याने ते परत पाठवलं होतं. बार्थ सिंड्रोम हा फार दुर्मीळ, बहुतेक मुलग्यांनाच होणारा आनुवंशिक आजार आहे. हृदयाचा स्नायू दुबळा पडतो, हातापायांत बळ राहत नाही आणि जंतूंशी लढणाऱ्या न्यूट्रोफिल पेशी कमी पडतात. मान्यतेच्या वादात एक प्रश्न मागेच राहिला: हे औषध चिकटतं कशाला? उत्तर जरा अनपेक्षित आहे. ते चिकटतं एका मेदाला. आणि तो मेद आपल्या पेशींत जवळजवळ फक्त मायटोकॉन्ड्रियातच, म्हणजे शाळेच्या पुस्तकातल्या तंतुकणिकांमध्येच असतो.

औषधाचा रेणू अगदी लहान, जेमतेम चार अमिनो आम्लांचा. एक धनप्रभारित, एक तेलकट, पुन्हा एक धनप्रभारित, पुन्हा एक तेलकट. धनप्रभार आणि तेलकटपणा एकाच रेणूत आणला की तो मायटोकॉन्ड्रियाच्या पटलाकडे ओढला जातो. हे तत्त्व औषधशास्त्राने शोधलेलं नाही. आपल्या पेशी शेकडो प्रकारची प्रथिनं याच आकर्षणाच्या जोरावर मायटोकॉन्ड्रियात पोचवत आल्या आहेत.

आधी हिशेब

माणसाच्या मायटोकॉन्ड्रियात अकराशेहून जास्त प्रकारची प्रथिनं असतात. मायटोकॉन्ड्रियाकडे स्वतःचा डीएनए आहे, पण तो डीएनए-अक्षरांच्या १६,५६९ जोड्यांचा छोटासा गोल धागा, आणि त्यात फक्त १३ प्रथिनांची कृती लिहिलेली असते. बाकी सगळी प्रथिनं पेशीकेंद्रातल्या जनुकांवरून, बाहेरच्या पेशीद्रवात तयार होतात आणि मग आत न्यावी लागतात.

आत नेणं सोपं नाही. मायटोकॉन्ड्रियाला दोन पटलं आहेत. बाहेरचं पटल लहान रेणूंना बऱ्यापैकी मोकळं असतं. आतलं मात्र इतकं घट्ट, की साधा प्रोटॉनही सहज निसटू नये. त्याच घट्टपणावर पेशीची बहुतेक ऊर्जानिर्मिती उभी आहे. त्या पटलाला प्रथिन जाईल एवढं भोक कायमचं पाडून ठेवलं तर वीजनिर्मितीच बंद पडेल. म्हणजे शेकडो अमिनो आम्लांची लांबलचक साखळी आत घ्यायची आणि तरी एक प्रोटॉनही गळू द्यायचा नाही, अशी ही अट आहे.

सुईत दोरा ओवताना आपण टोक ओलं करतो, बोटांनी पीळ देतो, मग ते भोकातून घालतो आणि पलीकडून ओढतो. इथेही साधारण तेच घडतं. प्रथिन घडी न घातलेल्या दोऱ्यासारखं येतं, त्याच्या फक्त टोकाला पीळ बसतो, टोक आत शिरतं, पलीकडची यंत्रणा ओढते आणि शेवटी ते टोक कापून टाकलं जातं. या टोकाला संकेत-पेप्टाइड म्हणतात. पेप्टाइड म्हणजे अमिनो आम्लांची छोटी साखळी. मायटोकॉन्ड्रियातल्या सुमारे ६० ते ७० टक्के प्रथिनांना असं टोक असतं. उरलेल्यांचे मार्ग वेगळे आहेत, त्यांच्यात इथे शिरत नाही.

संकेत वाचला जात नाही

यीस्टमध्ये सायटोक्रोम ऑक्सिडेझ नावाचं एक एन्झाइम आहे. त्याच्या चौथ्या उपघटकाचं संकेत-पेप्टाइड हे या क्षेत्रातलं सगळ्यात जास्त तपासलं गेलेलं टोक. लांबी २५ अमिनो आम्लं. त्यात धनप्रभारित पाच: पाचव्या, नवव्या, सोळाव्या आणि बाविसाव्या जागी आर्जिनिन, बाराव्या जागी लायसिन. ऋणप्रभारित एकही नाही. मधल्या जागांवर ल्युसिन, आयसोल्युसिन, फेनिलॲलनिन अशी तेलकट मंडळी आणि थोडी सेरिन-थ्रिओनिन.

आता ५, ९, १२, १६ हे आकडे नीट पाहा. अंतरं चार, तीन, चार. प्रथिनाच्या साखळीला अल्फा हेलिक्स, म्हणजे मळसूत्री पीळ बसतो, तेव्हा एका वेढ्यात सरासरी ३.६ अमिनो आम्लं येतात. त्यामुळे दर तीन-चार जागांनी येणारी अमिनो आम्लं पिळाच्या एकाच बाजूला रांगेत बसतात. एका बाजूला सगळे धनप्रभार, समोरच्या बाजूला सगळी तेलकट. अशा पिळाला उभयस्नेही म्हणतात, कारण त्याची एक बाजू पाण्याशी जमवते आणि दुसरी तेलाशी. १९८६ मध्ये गुन्नार फॉन हायने यांनी त्या वेळी माहीत असलेली मायटोकॉन्ड्रियाची संकेत-पेप्टाइडं तपासून हेच दाखवलं: अमिनो आम्लांचे अक्षरक्रम एकमेकांशी जुळत नाहीत, पण पीळ दिला की दोन बाजू मात्र जवळपास सगळ्यांत वेगळ्या पडतात.

मला या विषयातली ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट वाटते, आणि बहुतेक सोप्या लेखांत तीच निसटते. संकेत म्हणजे ठरावीक शब्द नाही. प्रत्येक प्रथिनाचं टोक वेगळं असतं, कधी १५ अमिनो आम्लांचं तर कधी ५० हून लांब. सामाईक असतं ते एवढंच: पीळ बसला की एक बाजू तेलकट, दुसरी धनप्रभारित.

याचे पुरावे १९८०च्या दशकात स्वित्झर्लंडमधल्या बाझेल इथल्या गॉटफ्रिड शात्झ यांच्या गटाने एकामागोमाग एक दिले. आधी त्यांनी वरच्या २५ अमिनो आम्लांचं टोक उंदराच्या डीएचएफआर या प्रथिनाला जोडलं. या प्रथिनाचा मायटोकॉन्ड्रियाशी काही संबंध नाही, तरी ते आत गेलं. पहिली १२ अमिनो आम्लंसुद्धा पुरली. मग आर्जिनिन, ल्युसिन, सेरिन अशी मोजकी अमिनो आम्लं घेऊन निसर्गात कुठेच नसलेली टोकं बनवली, आणि त्यांतलीही चालली. शेवटी त्यांनी ई. कोलाय या जिवाणूच्या डीएनएचे आडवेतिडवे तुकडे टोक म्हणून लावून पाहिले. शंभरात दोन-तीन तुकडे काम करून गेले! जिवाणूला मायटोकॉन्ड्रियाच नसतो. तरीही त्याच्या डीएनएतून योगायोगाने चालणारं टोक निघतं, कारण अट अक्षरांची नसून स्वभावाची आहे.

मेदाला स्पर्श होताच

पेशीद्रवात हे टोक पिळलेलं नसतं. पाण्यात त्याला ठरावीक आकारच नसतो. पीळ बसतो तो पटलापाशी, आणि त्यामागे सरळ रसायनशास्त्र आहे.

पहिली पायरी विजेची. मायटोकॉन्ड्रियाच्या पटलात ऋणप्रभारित मेद असतात. त्यांत मुख्य कार्डिओलिपिन, तेच ज्याला इलामिप्रेटाइड चिकटतं. पटलं ज्या मेदांची बनतात त्या साध्या फॉस्फोलिपिडला मेदाम्लाच्या दोन शेपट्या आणि एक फॉस्फेट असतं. कार्डिओलिपिनला चार शेपट्या आणि दोन फॉस्फेटं. आतल्या पटलाच्या फॉस्फोलिपिडांत त्याचा वाटा साधारण १५ ते २० टक्के, बाहेरच्या पटलात फारच थोडा. १९४२ मध्ये मेरी पँगबोर्न यांनी ते बैलाच्या हृदयातून वेगळं केलं, म्हणून नावात ‘कार्डिओ’. गरोदरपणात सिफिलिससाठी केली जाणारी ‘व्हीडीआरएल’ चाचणी याच मेदावर चालते. कित्येक बायकांनी हे नाव कधीच न ऐकता त्याची चाचणी करून घेतलेली असते.

आर्जिनिन आणि लायसिनचे धनप्रभार या ऋणप्रभाराकडे ओढले जातात आणि टोक पटलाच्या पृष्ठभागावर येतं. मग दुसरी पायरी, तेलकटपणाची. पटलाच्या कडेला पाणी विरळ होत जातं. साखळीच्या कण्यावर हायड्रोजन-बंध करू पाहणारे गट दर अमिनो आम्लामागे असतात, आणि आतापर्यंत ते पाण्याशी बंध करून होते. पाणी कमी झालं की त्यांना जोडीदार उरत नाही. मेदाजवळ असा बंध मोकळा ठेवणं ऊर्जेच्या हिशेबात महाग पडतं. पीळ घेतला तर कण्याचे गट आपसातच बंध करू शकतात. त्यामुळे पटलापाशी पीळ बसणं हा स्वस्त मार्ग ठरतो. मधमाशीच्या विषातल्या मेलिटिन या २६ अमिनो आम्लांच्या पेप्टाइडवर हे मोजलं गेलंय: पटलाच्या कडेला पीळ बसल्याने दर अमिनो आम्लामागे साधारण ०.४ किलोकॅलरी प्रतिमोल एवढा फायदा होतो. एकट्या आम्लाला क्षुल्लक, पण पंधरा-वीस जणांची बेरीज झाली की पीळ पक्का.

पीळ बसल्यावर टोक पटलात भाल्यासारखं उभं घुसतं, असं चित्र पुष्कळांच्या डोक्यात असतं. ते चुकीचं आहे. बहुतेक संकेत-पेप्टाइडं पटलाला समांतर, आडवी पडतात. तेलकट बाजू मेदाच्या शेपट्यांत थोडी रुतलेली, धनप्रभारित बाजू फॉस्फेटांना धरून. आर्जिनिन-लायसिनच्या बाजूशाखा लांब असतात, त्यामुळे कणा थोडा आत बुडाला तरी प्रभार वर पोचतो.

हे प्रयोगशाळेत कसं पाहतात आणि कुठे फसतात

पीळ बसला का हे पाहायला वर्तुळाकार ध्रुवित प्रकाश वापरतात. पीळ असेल तर आलेखात २०८ आणि २२२ नॅनोमीटरला दोन खळगे दिसतात. सैल साखळीचा एकच खळगा २०० च्या आसपास. पटल म्हणून लिपोसोम, म्हणजे मेदाचे सूक्ष्म पोकळ फुगे घेतात: मेद क्लोरोफॉर्ममध्ये विरघळवायचा, वाळवून पातळ थर करायचा, बफरमध्ये भिजवायचा आणि १०० नॅनोमीटर छिद्रांच्या गाळणीतून बरेचदा दाबून काढायचा. एक संच निव्वळ फॉस्फॅटिडिलकोलिनचा, म्हणजे एकूण प्रभार शून्य. दुसऱ्यात २० टक्के कार्डिओलिपिन. पहिल्यात पेप्टाइड फारसं बसत नाही, दुसऱ्यात बसतं, आणि फरक नजरेत भरतो.

घोटाळे ठरलेले आहेत. बफरमध्ये नेहमीचं मीठ घातलं तर क्लोराइड २०० नॅनोमीटरखालचा प्रकाश स्वतःच शोषतं आणि सैल साखळीचा खळगा गायब होतो, म्हणून सोडियम फ्लोराइड वापरावं लागतं. मीठ अजिबातच टाळलं तर विजेचं आकर्षण अवाच्या सवा वाढतं आणि पेशीत न घडणारं बंधन दिसतं. धनप्रभारित पेप्टाइड काचेला चिकटून बसतं, मग नळीत घातलेलं आणि द्रावणात उरलेलं यांत तफावत पडते. पेप्टाइड जास्त झालं तर ते लिपोसोमांना एकमेकांशी चिकटवतं, द्रावण गढूळ होतं आणि विखुरलेल्या प्रकाशाला लोक पिळाची खूण समजतात. पटलाऐवजी एसडीएस हा साबण वापरला तर बऱ्याच साखळ्या नाइलाजाने पीळ घेतात. तेवढ्यावरून ‘हे टोक मायटोकॉन्ड्रियात जाणार’ असं म्हणता येत नाही.

ओवण्याच्या पायऱ्या

पेशीद्रवातली मदतनीस प्रथिनं नव्या साखळीला घडी पडू देत नाहीत. बाहेरच्या पटलावर टॉम नावाचा प्रथिनांचा संच असतो. त्यातलं टॉम-२० तेलकट खोबणीने पिळाची तेलकट बाजू धरतं. २००० साली त्याची रचना उलगडली तेव्हा दिसलं की टॉम-२० मुख्यतः ल्युसिनसारख्या तेलकट अमिनो आम्लांनाच धरतं, प्रभारांना नाही. प्रभारांची बाजू टॉम-२२ सांभाळतं, त्याच्यावर ऋणप्रभारांची रास असते. दोघांमधून टोक टॉम-४० या पिंपाच्या आकाराच्या मार्गिकेत जातं.

दोन पटलांच्या मधल्या जागेत टिम-५० टोकाला हाताशी धरतं आणि आतल्या पटलातल्या टिम-२३ संचाकडे देतं. इथे खरी ओढ लागते, त्याबद्दल लगेच पुढे. टोक पलीकडे दिसताच टिम-४४ वर बसलेलं एचएसपी-७० हे ओढणारं प्रथिन साखळी पकडतं आणि दर खेपेला एटीपी, म्हणजे पेशीचं ऊर्जेचं चलन, खर्च करून आत घेत राहतं. दोन्ही पटलं ओलांडायला ताणलेल्या साखळीची साधारण ५० अमिनो आम्लं लागतात, म्हणून शेपूट बाहेर असतानाच टोक आत पोचलेलं असतं आणि तिथलं एमपीपी नावाचं एन्झाइम ते कापतं. कापायच्या जागेच्या दोन किंवा तीन जागा आधी बहुधा आर्जिनिन असतं.

दोऱ्याला गाठ असेल तर? हा प्रयोगही बाझेललाच झाला, १९८६ मध्ये. मेथोट्रेक्सेट हे संधिवातावर आणि काही कर्करोगांवर दिलं जाणारं औषध डीएचएफआरला घट्ट पकडतं आणि त्याची घडी उलगडू देत नाही. टोक जोडलेल्या डीएचएफआरला आधी मेथोट्रेक्सेट दिलं तर ते मायटोकॉन्ड्रियाला चिकटतं, पण आत जात नाही. घडी उलगडल्याशिवाय प्रवेश नाही, हे त्यातून सिद्ध झालं. लेखाच्या शेवटी एका आजारात ही अट फार मोलाची ठरते.

१५० मिलिव्होल्ट म्हणजे किती

आतल्या पटलाच्या दोन बाजूंत साधारण १५० ते १८० मिलिव्होल्टचा फरक असतो, आतली बाजू ऋण. आकडा क्षुल्लक वाटतो. पण पटलाची जाडी जेमतेम ५ नॅनोमीटर. भागाकार केला तर येतात मीटरमागे तीन कोटी व्होल्ट. कोरड्या हवेत ठिणगी पडायला मीटरमागे साधारण तीस लाख व्होल्ट पुरतात. म्हणजे त्याच्या दहापट तीव्र क्षेत्र आपल्या पेशींत अखंड नांदतंय.

शरीराच्या तापमानाला सुमारे ६० मिलिव्होल्टमागे एका धनप्रभाराची आत असण्याची शक्यता दहापट वाढते. १५० मिलिव्होल्टला एकाच प्रभारासाठी ही वाढ अडीचशेपटीच्या पुढे जाते. टोकावर तर असे चार-पाच प्रभार असतात. क्षेत्र सुरुवातीला टोकाला आत खेचतं, पुढचं काम एचएसपी-७० चं. सीसीसीपी नावाचं रसायन घालून हा व्होल्टेजचा फरक मोडला की टोक असलेल्या प्रथिनांची आयात थांबते. प्रयोगशाळेत हीच पहिली खातरजमा असते: सीसीसीपी घालूनही ‘आयात’ दिसली तर प्रथिन आत गेलेलं नाही, नुसतं बाहेरून चिकटलं आहे.

मार्गिका असताना मेदाची गरज काय?

हा आक्षेप रास्त आहे. टॉम-टिम सापडल्यावर १९९०च्या दशकात बऱ्याच संशोधकांनी मेदाचा प्रश्न बाजूला ठेवला. टोक ओळखायला प्रथिनं आहेत, जायला मार्गिका आहे, मग मेदाशी लगट हा योगायोग असेल, असा सूर होता.

तो सूर पुरता टिकला नाही. एक तर मायटोकॉन्ड्रियावरची ओळखणारी प्रथिनं ट्रिप्सिन या प्रथिनं कापणाऱ्या एन्झाइमने खरवडून काढली तरी थोडी आयात चालू राहते. दुसरं म्हणजे कार्डिओलिपिन बनवूच न शकणारं यीस्ट जगतं, पण त्याच्या आतल्या पटलाचं व्होल्टेज घसरतं, आयात मंदावते, आणि तापमान वाढवलं की वाढ बिघडते. जगतं तेही बहुधा फॉस्फॅटिडिलग्लिसरॉल हा दुसरा ऋणप्रभारित मेद साचून थोडी भरपाई करतो म्हणून. टिम-४४ आणि टिम-५० दोघांनाही कार्डिओलिपिनचा आधार लागतो.

तिसरा धक्का २०२३ चा. तोवर पाठ्यपुस्तकांत टिम-२३ ही पाण्याने भरलेली नळी म्हणून काढली जाई. यीस्टच्या संचाची बारकाईने रचना पाहिल्यावर दिसलं की त्यातली टिम-२३ आणि टिम-१७ ही दोन प्रथिनं पाठीला पाठ लावून उभी असतात, आणि दोघांच्या पुढच्या बाजूला नळी नाही, नुसती पन्हळ आहे. तिची एक बाजू सरळ मेदाकडे उघडी. प्रयोगांनी असंही सुचवलं की साखळी जाते ती मुख्यतः टिम-१७ च्या पन्हळीतून. म्हणजे आतल्या पटलातून जाताना प्रथिनाचा एका अंगाला टिम-१७ शी आणि दुसऱ्या अंगाला मेदाशी संबंध येत असणार. पन्हळीच्या तोंडाशी ऋणप्रभार आहेत, धनप्रभारित टोकाला सुरुवातीला धरायला. बंद नळी नसल्यामुळे प्रोटॉन गळतीचा प्रश्नही बराचसा सुटतो. मेदच उरलेली भिंत होतो.

बार्थ सिंड्रोममध्ये टॅफॅझिन हे एन्झाइम बिघडलेलं असतं, त्यामुळे कार्डिओलिपिनच्या शेपट्यांची योग्य अदलाबदल होत नाही आणि तीन शेपट्यांचा अर्धवट रेणू साचतो. रक्तात या अर्धवट आणि पूर्ण रेणूंचं गुणोत्तर मोजून निदान करतात. पण इलामिप्रेटाइड प्रथिनांची आयात सुधारतं असा अर्थ कुणी काढू नये. चार अमिनो आम्लांना पिळाचा जेमतेम एक वेढा बसेल, आणि ते टॉम-टिमच्या मार्गाने जातही नाही. साम्य आहे ते मेदाच्या ओढीपुरतं.

मग टोक भलत्याच पटलात का शिरत नाही?

पेशीच्या बाह्य आवरणाच्या आतल्या बाजूलाही ऋणप्रभारित फॉस्फॅटिडिलसेरिन असतं, मग टोक तिथे का अडकत नाही? थोडं अडकत असेलही. पण मेदाशी पडलेली गाठ सैल असते, ती सुटते आणि टोक पुढे भटकतं. टॉम-२० आणि टॉम-२२ दोन बाजूंनी धरतात ते फक्त मायटोकॉन्ड्रियावर, आणि १५० मिलिव्होल्टची आत ओढणारी दिशा मिळते तीही तिथेच. एकेक खूण कच्ची असली तरी सगळ्या जुळाव्या लागतात, म्हणून निकाल पक्का.

तेलकटपणा वाढवला की संकेत जास्त चांगला होतो, असंही नाही. सात-आठ तेलकट अमिनो आम्लं सलग आली तर एसआरपी नावाचा दुसरा संच ते टोक पकडून आंतर्द्रव्यजालिकेकडे नेऊ शकतो. आणि प्रभार व तेलकटपणा दोन्ही भरमसाट असतील तर टोक पटलच फाडू लागतं.

कापलेलं टोक हा धोकाच

मधमाशीचं मेलिटिन आणि आफ्रिकी बेडकाच्या कातडीतलं मॅगेनिन हे १९८७ साली सापडलेलं जंतुनाशक पेप्टाइड, दोन्हींचा स्वभाव संकेत-पेप्टाइडासारखाच: उभयस्नेही पीळ, धनप्रभार, ऋणप्रभारित पटलाची ओढ. मायटोकॉन्ड्रिया हा मुळात गिळलेला जिवाणू. त्यामुळे संकेत-पेप्टाइडं ही एके काळी यजमानाने जिवाणूवर सोडलेल्या अशाच जंतुनाशक पेप्टाइडांची वंशज असावीत, असा एक विचार आहे. मला तो पटण्यासारखा वाटतो, पण त्याचा पुरावा अजून परिस्थितिजन्य आहे.

म्हणूनच एमपीपीने कापलेली मोकळी टोकं आत साचू देणं परवडत नाही. ती आतल्या पटलाला भोकं पाडून व्होल्टेज घालवू शकतात. त्यांचे तुकडे करायला प्रेप नावाचं एन्झाइम असतं. हेच एन्झाइम अल्झायमरमधलं अमायलॉइड-बीटा हे पेप्टाइडही चिरतं. अमायलॉइड-बीटा जास्त झालं की प्रेप त्यात गुंततं, कापलेली टोकं साचतात, मग एमपीपीचं कापणंही मंदावतं, अशी साखळी २०१४ मध्ये दाखवली गेली.

आयात अडली तर पेशीला ते कळतं कसं? पिंक-१ या प्रथिनावरून. धडधाकट मायटोकॉन्ड्रियात ते टोकाने आत ओढलं जातं, कापलं जातं आणि संपवलं जातं. व्होल्टेज गेलं की ते टॉमपाशीच अडकून साचतं, पार्किन या दुसऱ्या प्रथिनाला बोलावतं, आणि तो मायटोकॉन्ड्रिया मोडीत काढला जातो. पिंक-१ किंवा पार्किन यांचं जनुक बिघडलं तर कमी वयात पार्किन्सन होतो.

एक अमिनो आम्ल बदललं आणि मुतखडे झाले

यकृतात एजीटी नावाचं ३९२ अमिनो आम्लांचं एन्झाइम असतं. ते ग्लायॉक्सिलेट या चयापचयातल्या पदार्थाचं ग्लायसिन हे अमिनो आम्ल करतं. ते नसेल तर ग्लायॉक्सिलेटचं ऑक्झलेट होतं, मूत्रपिंडात कॅल्शियम ऑक्झलेटचे खडे साचतात आणि मूत्रपिंड निकामी होऊ शकतं. हा प्रायमरी हायपरऑक्झलुरिया, पहिला प्रकार. माणसात एजीटीचं काम पेरॉक्सिसोम या वेगळ्या अंगकात चालतं.

बऱ्याच धडधाकट माणसांच्या एजीटीत अकराव्या जागी प्रोलिनऐवजी ल्युसिन असतं. प्रोलिन पिळाचा शत्रू, ल्युसिन पिळाचा मित्र आणि शिवाय तेलकट. एवढ्या एका बदलाने एजीटीच्या टोकाला उभयस्नेही पीळ बसू शकतो, म्हणजे मायटोकॉन्ड्रियाचा कच्चा संकेत तयार होतो. तरी बिघडत नाही. जेमतेम ५ टक्के एजीटी मायटोकॉन्ड्रियात जातं, कारण एजीटी झटकन घडी घालून दुसऱ्या एजीटीशी जोडी करतं, आणि घडी पडलेलं प्रथिन मायटोकॉन्ड्रियात जात नाही. पेरॉक्सिसोमला घडीची अडचण नाही, तो घडी पडलेली प्रथिनंही घेतो.

याच माणसाच्या त्याच जनुकात १७० व्या जागी ग्लायसिनऐवजी आर्जिनिन आलं की घडी आणि जोडी मंदावते. दोरा जास्त वेळ मोकळा राहतो आणि मायटोकॉन्ड्रिया तो ओढून घेतो. आता ९० टक्के एजीटी मायटोकॉन्ड्रियात! एन्झाइम काम करायला तयार आहे, पण जिथे ग्लायॉक्सिलेट तयार होतं तिथे ते नाही. मांजरासारख्या मांसाहारी प्राण्यांत एजीटी मुळातच मायटोकॉन्ड्रियात असतं आणि त्यांचं तसं छान चालतं. त्यांच्या आहारामुळे ग्लायॉक्सिलेट वेगळ्या वाटेने तयार होतं.

या रुग्णांत बी-६ जीवनसत्त्व उपयोगी पडू शकतं. एजीटीला बी-६ चाच सहघटक लागतो, आणि तो मुबलक असला की घडी सावरायला मदत होते. लहान मुलात कॅल्शियम ऑक्झलेटचे खडे वारंवार होत असतील तर लघवीतलं ऑक्झलेट मोजतात, मग जनुकतपासणी करतात. बी-६ निदान तीन महिने देऊन ऑक्झलेट ३० टक्क्यांहून जास्त उतरतं का हे पाहतात. मोठ्या मात्रेने नसांना इजा होते, त्यामुळे हा प्रयोग दुकानातून गोळ्या आणून घरी करायचा नाही. १७० व्या जागेचा बदल जनुकाच्या दोन्ही प्रतींत असेल तर गुण जास्त, एकीतच असेल तर कमी. आणि ज्यांच्यात एजीटी बनतच नाही, त्यांना बी-६ देऊन काही होत नाही. त्यांच्यासाठी ग्लायॉक्सिलेटची निर्मितीच आधीच्या पायरीवर कमी करणारं लुमासिरान हे इंजेक्शन २०२० पासून आहे.